गोड्या पाण्याचे झरे आणि पाच वर्षांची पदवी

बारावीची मुलं असलेल्या घरांत सध्या एक नवा विषय निघतोय: नैसर्गिक संसाधनांच्या संवर्धनाची पदवी, तीही बॅचलर्स आणि मास्टर्स एकत्र. हे शिक्षण आलं कुठून आणि त्याची गरज काय, हे समजून घ्यायला मुहर्रकहून चांगली जागा नाही.

बहरैन म्हणजे दोन समुद्र: वर खारा आणि खाली गोडा, असा त्याचा एक अर्थ सांगतात. इथे समुद्राच्या तळातून गोड्या पाण्याचे झरे उसळायचे. मोती काढणारे पाणबुडे कातडी पिशव्या घेऊन बुडी मारायचे आणि पिण्याचं पाणी भरून आणायचे. त्यांचे मोती मुंबईच्या बाजारात विकले जायचे. पुढे जपानी संवर्धित मोती आले, जागतिक मंदी आली आणि धंदा बसला. १९३२ साली बहरैनमध्ये तेल सापडलं. २०१२ साली युनेस्कोने मुहर्रकमधल्या १७ इमारती, बू माहिर किल्ला आणि समुद्रातले शिंपल्यांचे तीन पट्टे जागतिक वारसा म्हणून नोंदवले.

इमारती जपल्या गेल्या, पण झरे आटत गेले. शेती आणि वाढत्या वस्तीसाठी भूजलाचा उपसा वाढला, तसा जमिनीखालचा दाब घटला आणि खारं पाणी आत शिरलं. आता नळाला येणारं पाणी मुख्यतः समुद्राचं पाणी गोडं करून मिळवलेलं असतं. दाब हा भूगर्भशास्त्राचा विषय, उपसा शेतीचा आणि पाण्याची किंमत अर्थशास्त्राची. तिन्ही हिशेब एका वहीत मांडणारा माणूस हवा असतो.

असा माणूस घडवण्याचा प्रयत्न आपल्याकडे जुना आहे. १८६४ साली डीट्रिच ब्रँडिस हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हिंदुस्थानचे पहिले वन महानिरीक्षक झाले. रेल्वेच्या स्लीपरांसाठी जंगलं झपाट्याने तुटत होती. १८७८ साली डेहराडूनला वनशाळा निघाली. पण तिथे प्रामुख्याने रेंजर तयार होत, वरचे अधिकारी मात्र युरोपात शिकून येत. जंगल फिरणारा एक आणि निर्णय घेणारा दुसरा, अशी ही विभागणी होती.

याच ब्रँडिस यांच्या सल्ल्याने अमेरिकेचे गिफर्ड पिंशो फ्रान्समध्ये नान्सीला वनशास्त्र शिकले. त्यांच्या कुटुंबाच्या देणगीतून १९०० साली येल विद्यापीठात वनशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण सुरू झालं. पुढे ड्यूकसारख्या विद्यापीठाने तीन अधिक दोन अशी रचना आणली: तीन वर्षं साध्या महाविद्यालयात, दोन वर्षं वनशास्त्रात. इतरत्र चार अधिक एक असतं; मास्टर्सचे काही विषय दोन्ही पदव्यांना मोजले जातात आणि वेळ व फी वाचते. भारताच्या २०२० च्या शैक्षणिक धोरणातही पाच वर्षांच्या एकत्रित पदवीला जागा आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात वनशास्त्र शिकता येतं, तर इथे मनामात आखाती देशांनी मिळून उभारलेल्या अरेबियन गल्फ विद्यापीठात पर्यावरण आणि नैसर्गिक संसाधनांवर पदव्युत्तर शिक्षण आहे.

माझ्या आयटीच्या धंद्यात 'रिसोर्स' म्हणजे माणूस. एक गेला तर दुसरा भरती करता येतो. आटलेला झरा तसा भरता येत नाही. म्हणून प्रवेश घेताना नुसतं वाचलेलं वर्ष मोजू नका. प्रत्यक्ष क्षेत्रात किती महिने काम आहे, अर्थशास्त्र आणि कायदा शिकवतात का, आणि मधेच सोडावं लागलं तर बॅचलर्सची पदवी हातात राहते का, हे तीन प्रश्न जरूर विचारा.