चंपावतची रायफल आणि तिचे गिऱ्हाईक

दुर्मीळ रायफल विकायची असेल तर ती कुठे न्यावी, हा प्रश्न वरवर बाजाराचा वाटतो. लिलावगृह, दुकानदार, संग्राहक, संग्रहालय, यांपैकी जो जास्त पैसे देईल त्याला ती द्यावी, एवढेच. पण अशा वस्तूंचा इतिहास पाहिला तर पैसे हा प्रश्नाचा शेवटचा भाग ठरतो. त्याआधी ठरवावे लागते ते हे, की आपण नेमके काय विकतो आहोत: पोलाद आणि अक्रोडाचे लाकूड, की त्यांना चिकटलेली हकीकत? जिम कॉर्बेट यांच्या रिग्बी रायफलीचा प्रवास या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी देतो.

१९०७ साली कॉर्बेट यांनी कुमाऊंतील चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिच्या नावावर ४३६ माणसांचे बळी नोंदले गेले होते. या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांच्याकडून त्यांना जॉन रिग्बी अँड कंपनीची .२७५ बोअरची रायफल भेट मिळाली. दस्त्यावर चांदीची छोटी पट्टी बसवलेली, आणि तीवर देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव व कारण कोरलेले. म्हणजे ती वाघीण या रायफलीने मेली नाही. ती रायफल त्या शिकारीचे बक्षीस होती. शेवटच्या क्षणी कॉर्बेट यांच्याजवळची काडतुसे संपली होती आणि त्यांनी तहसीलदाराची जुनीपुराणी बंदूक मागून घेतली होती. पुढे ही हकीकत लिहिताना नैनीतालच्या दरबारात तहसीलदाराला बंदूक आणि एका गावकऱ्याला शिकारीचा सुरा मिळाल्याचे त्यांनी आवर्जून सांगितले.

रायफलीने आपले नाव नंतर कमावले. १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या तिनेच मारला. १९३० मध्ये चौगढच्या वाघिणीसमोर कॉर्बेट यांच्या डाव्या हातात पक्ष्याची दोन अंडी होती, तेव्हा ती एका हाताने वळवून झाडता आली, कारण ती हलकी होती. जर्मनीतल्या माउझर कारखान्याची यंत्रणा आणि लंडनच्या कारागिरांची जुळणी, असा तिचा घाट. अशा बनावटीच्या रायफली त्या काळात अनेक निघाल्या. त्या सगळ्यांत हीच वेगळी ठरते ती चांदीच्या पट्टीमुळे आणि पुस्तकांमुळे.

त्या पुस्तकांचा मुंबईशी थेट संबंध आहे. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ हे पुस्तक १९४४ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबईतील कचेरीने काढले. तिथले प्रमुख रॉय हॉकिन्स यांनी कॉर्बेट यांना लिहिते ठेवले. त्याआधी १९३५ मध्ये कॉर्बेट यांनी नैनीतालला ‘जंगल स्टोरीज’ हे पुस्तक खाजगीरीत्या छापून घेतले होते. त्याच्या प्रती जेमतेम शंभर. मुंबईच्या आवृत्तीने मात्र त्यांचे नाव जगभर नेले. एका जंगलातल्या हत्याराला जगाच्या बाजारात ओळख मिळाली ती छापील कागदामुळे.

१९४७ च्या अखेरीस कॉर्बेट आणि त्यांची बहीण मॅगी केनियाला गेले. १९५५ साली न्येरी इथे कॉर्बेट वारले. त्यांची रायफल गेली कुणाकडे? नातलगाकडे नाही, शिकाऱ्याकडे नाही, तर त्यांच्या प्रकाशकांकडे, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे. पुस्तके छापणाऱ्या संस्थेला रायफल देणे विचित्र दिसते, पण त्यात तर्क आहे. रायफलीची हकीकत ज्यांच्या हाती होती त्यांच्याच हाती त्यांनी वस्तू सोपवली. पुढे काही दशकांनी ती ज्यांनी बनवली होती त्या रिग्बी कंपनीने ती विकत घेतली. १७७५ साली डब्लिनमध्ये सुरू झालेल्या या पेढीच्या जुन्या वह्यांत बंदुकांचे क्रमांक नोंदलेले असतात. तिथे रायफल ही केवळ मौल्यवान वस्तू नसते, तिच्या नोंदीपाशी परत आलेली वस्तू असते. २०१६ मध्ये कंपनीची माणसे ती काही दिवसांसाठी कुमाऊंत घेऊन आली.

याच्या शेजारी दुसरा व्यवहार ठेवून पाहावा. एप्रिल २०१५ मध्ये लंडनच्या बॉनहॅम्स लिलावगृहात टिपू सुलतानाशी निगडित ३० वस्तू विकल्या गेल्या. एकूण रक्कम साठ लाख पौंडांच्या घरात गेली. त्यांत वाघाच्या नक्षीची एक चकमकीची बंदूक होती, ती ७,२२,५०० पौंडांना गेली. श्रीरंगपट्टणच्या १७९९ च्या पाडावानंतर लुटीत विखुरलेल्या वस्तूंचा हा पुढचा टप्पा. लिलावाचा गुण असा की तो किंमत उघड करतो आणि तज्ज्ञांना एका खोलीत आणतो. दोष असा की हातोडा पडला की वस्तू पुन्हा दाराआड जाऊ शकते, आणि अभ्यासकाजवळ उरते ती फक्त सूचीतली छायाचित्रे. विकणाऱ्याच्या दृष्टीने ही जागा बरोबर असेल. इतिहासाच्या दृष्टीने ती असेलच असे नाही.

आता हाच प्रश्न भारतातल्या घरात आणून पाहू. संस्थानिकांनी, वतनदारांनी, अधिकाऱ्यांनी घेतलेल्या इंग्रजी रायफली आजही अनेक कुटुंबांत आहेत. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवाना सक्तीचा केला आणि युरोपियनांना सूट दिली. त्या काळात हिंदी घरात रायफल असणे हीच प्रतिष्ठेची खूण होती. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचे काम संपले, पण वस्तू उरल्या. मग डिसेंबर २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येऊ लागल्या. वारसाहक्काच्या शस्त्रांनाही ही मर्यादा लागू झाली. जादा बंदूक ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायला एक वर्षाची मुदत मिळाली. अनेक कुटुंबांत हा प्रश्न तेव्हाच पहिल्यांदा उघडपणे बोलला गेला: आजोबांची कोणती ठेवायची आणि कोणती द्यायची?

विकायची म्हटली तर वाट अरुंद आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार खाजगी मालक ती परवानाधारकालाच विकू शकतो, आणि तेही जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवून, ४५ दिवस थांबून. पुराणवस्तू म्हणून सूट आहे, पण ती दुरुस्त करूनही चालणार नाही अशा शस्त्राला. उत्तम राखलेल्या रायफलीला ती मिळत नाही. म्हणजे ज्याने वस्तू जपली त्यालाच नियम जड जातो. परदेशी लिलावाचे दारही बहुतेक बंद असते, कारण १९७२ च्याच पुराणवस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांवरची ऐतिहासिक वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. उरतो स्थानिक गिऱ्हाईक. तो बहुधा रायफल चालते का आणि तिची काडतुसे मिळतात का, एवढेच विचारतो. १९०७ च्या .२७५ बोअरची काडतुसे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत, म्हणून भाव खाली येतो. लंडनमध्ये जी वस्तू तिच्या हकीकतीवर विकली जाते, ती इथे तिच्या उपयोगावर तोलली जाते.

यात खरे नुकसान पैशांचे नाही. रायफल एका हातातून दुसऱ्या हातात जाताना मूळ परवाना, खरेदीची पावती, पेटीवरचे नाव, शिकारीच्या नोंदवहीतले पान, हे सारे मागे राहते आणि रद्दीत जाते. दोन हस्तांतरांनंतर ती केवळ एक क्रमांक होऊन जाते. म्हणून योग्य जागा शोधण्याआधी कागद गोळा करणे हे पहिले काम. नळीवरचा क्रमांक घेऊन बनवणाऱ्या पेढीकडून नोंदीचा उतारा मागवावा, जुने परवाने एका फाइलीत लावावेत, घरातल्या वडीलधाऱ्यांची आठवण तारखेसह लिहून ठेवावी. नंतर संग्रहालय असो, संग्राहक असो वा दुकानदार, कागद वस्तूबरोबरच द्यावेत.

कॉर्बेट यांनी देश सोडल्यावर छोटी हल्द्वानीतील जमीन कसणाऱ्या कुळांकडे गेली. गावातल्या एका शेतकऱ्यालाही त्यांनी एक साधी जुनी बंदूक दिली होती. ती त्याच्या घरच्यांनी जपली आणि गावात येणाऱ्यांना दाखवली. लिलावात तिला फारसे कुणी विचारणार नाही. पण ती कुणी दिली, कुणाला दिली, हे तिथे विचारले तर सांगणारा माणूस भेटतो. रिग्बीच्या वहीने लंडनमध्ये जे काम केले, ते इथे एका घराच्या ओसरीने केले. रायफलीची योग्य जागा ठरवताना गिऱ्हाइकाला हाच एक प्रश्न आधी विचारावा: ही कुणाची होती, हे तुमच्याकडे आल्यावर कोण सांगेल?