नानांचं वीकेंड होम

झालं असं की, गेल्या महिन्यात एक शनिवार-रविवार चक्क मोकळा मिळाला. दोघांनाही. माझं रिलीज पुढे ढकललं गेलं होतं आणि बायकोच्या क्लायंटकडे कसलीशी सुट्टी होती. असा योग आमच्याकडे ग्रहणासारखा येतो, त्यामुळे शुक्रवारी रात्रीच बॅगा भरल्या आणि सकाळी सहाला पुणं सोडलं. खंबाटकी ओलांडून सुरूर फाट्याला उजवीकडे वळलं की वीसेक मिनिटांत वाई.

आता खरं सांगायचं तर सहलीमागे माझा एक छुपा अजेंडा होता. वाईजवळ एक प्लॉट बघायचा होता. चार गुंठे, लांबून दिसणारी कृष्णा, मागे पांडवगड. एजंटाने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले होते आणि मी गेले दोन महिने ऑफिसच्या मीटिंगांमध्ये गुपचूप त्या फोटोंवर घर बांधत होतो. पडवी, झोपाळा, मागे दोन आंब्यांची झाडं. पंधरा वर्षांचं कर्ज. एक्सेल शीट तयार होती. बायकोला गाडीत बसल्यावर सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "बघू."

एजंटाची वेळ रविवारी सकाळची होती, म्हणजे शनिवार आमचा. गणपती घाटावर गेलो. ढोल्या गणपतीचं देऊळ 1762 सालचं, गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेलं. देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, म्हणजे कृष्णेला पूर आला की पाण्याचा लोंढा फाटून दोन्ही बाजूंनी निघून जावा. अडीचशेहून जास्त पावसाळे ही भिंत आपलं काम करते आहे. (आमच्या सोसायटीची भिंत दुसऱ्याच पावसाळ्यात गळायला लागली. असो.) हे रास्ते म्हणजे पेशव्यांचे सोयरे. नानासाहेब पेशव्यांची बायको गोपिकाबाई ही वाईच्या रास्त्यांची लेक. त्यामुळे पुण्याच्या सत्तेचा एक धागा कायम इथे बांधलेला.

दुपारी मेणवलीला गेलो. वाईपासून तीनेक किलोमीटर. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मेणवली पाहिलेली आहे, फक्त ते तुम्हाला माहीत नाही. 2004 साली आलेल्या 'स्वदेस'मधलं ते गाव आठवतंय? तो घाट मेणवलीचा. चंद्रकोरीसारखा वळलेला, पायऱ्या थेट नदीत उतरणाऱ्या. घाटावर मेणेश्वराचं देऊळ आणि त्याच्याजवळ टांगलेली एक भली मोठी घंटा. घंटेवर साल 1707 आणि बाळ येशूला घेतलेली मेरी! 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून घाटावर आल्या. त्यातलीच ही एक. भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात तिच्या बहिणी आहेत.

घाटाच्या वरच्या अंगाला नाना फडणवीसांचा वाडा. एकामागून एक चौक, जाड भिंती, लाकडी खांब, जुनी भित्तिचित्रं. मी वाड्याच्या सावलीत उभा राहून म्हटलं, "बघ, नानांचंसुद्धा वीकेंड होम होतं."

बायको म्हणाली, "राहायचे का पण इथे?"

प्रश्न साधा होता. पण त्यापायी अख्खी रात्र हॉटेलच्या गॅलरीत गेली. शाळेत वाचलेलं, नंतर वाचलेलं, सगळं आठवून आम्ही नानांच्या आयुष्याचं कॅलेंडरच मांडलं.

नाना म्हणजे बाळाजी जनार्दन भानू. मूळ गाव कोकणातलं वेळास, हल्ली लोक कासवं बघायला जातात तेच. जन्म 1742, साताऱ्याला. घराण्याकडे पेशव्यांची फडणिशी, म्हणजे जमाखर्च, सरंजामाचे हिशेब, कागदपत्रं. तलवारीचं नव्हे, टेबलाचं काम! वयाच्या एकोणिसाव्या वर्षी पानिपतावर होते. जानेवारी 1761. स्वतः कसेबसे वाचून परत आले, पण बरोबर गेलेली आई त्या धामधुमीत गमावली. एवढं सगळं बघितलेल्या माणसाला पुढे नदीकाठी शांत जागा हवीशी वाटली, तर नवल नाही.

1768च्या सुमारास ही जागा त्यांना मिळाली. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी मेणवली नानांना दिली. तेव्हा नाना सव्वीस वर्षांचे. म्हणजे आपल्याकडे पहिलं प्रमोशन मिळून माणूस प्लॉट बघायला लागतो, साधारण तेच वय. नानांनी इथे वाडा बांधला, घाट बांधला, देऊळ बांधलं. जागा मिळाली, पैसा होता, हौस होती. राहिला फक्त वेळ.

आणि तिथेच घोळ झाला. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबांना बाजूला करायला बारभाईंनी कारस्थान रचलं, त्यात नाना पुढे आले. 1774 मध्ये सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि ते तान्हं मूल पेशवा झालं. तान्ह्या पेशव्याच्या नावाने राज्य चालवायचं म्हणजे सुट्टी कसली घेताय! पुढची वीस वर्षं इंग्रजांशी युद्ध, 1782चा सालबाईचा तह, निजाम, टिपू, महादजी शिंद्यांशी रुसवे-फुगवे, 1795ची खर्ड्याची लढाई. नानांचं आयुष्य पुण्यात, पुरंदरावर आणि छावण्यांमध्ये गेलं. सगळे कागद त्यांच्या हाताखालून जाणार, प्रत्येक निर्णय त्यांच्यापाशी अडणार. ज्याच्यावाचून काहीच हलत नाही असा माणूस प्रत्येक टीममध्ये एक असतो. त्याला सगळे मानतात, आणि त्याची रजा कधीच मंजूर होत नाही. बहुतेक वेळा त्याने ती मागितलेलीच नसते.

ऑक्टोबर 1795 मध्ये सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या सज्जावरून पडून गेले, एकवीस वर्षांचे होते. वारस कोण यावरून डाव सुरू झाले आणि ते नानांवरच उलटले. 1796च्या पूर्वार्धात नानांना पुणं सोडावं लागलं. पुरंदर, मग सातारा, आणि मग वाई.

इथे मी बायकोला म्हटलं, "बघ, आले की नाही शेवटी!"

आले खरे. वय चोपन्न. स्वतःच्या वाड्यापासून तीन किलोमीटरवर. पण आले ते जीव मुठीत धरून. परशुरामभाऊ पटवर्धनांच्या मुलाबरोबर निवडक घोडदळ वाईच्या रोखाने निघालं आहे असं कळलं, आणि नानांनी तिथूनही मुक्काम हलवला. घाट उतरून कोकणात, रायगड-महाडच्या बाजूला गेले. ज्या नदीकाठी एवढ्या हौसेने पायऱ्या बांधल्या, तिथे टेकायलाही फुरसत नाही. वाई हा त्यांच्या पळण्याच्या वाटेवरचा एक मुक्काम ठरला.

महाडहून त्यांनी परत डाव जुळवला. त्याच वर्षाच्या अखेरीस दुसरा बाजीराव पेशवा झाला आणि नाना पुन्हा कारभारात आले. (बघा, परत जॉइन झाले!) वर्षभराने, 31 डिसेंबर 1797 रोजी, दौलतराव शिंद्यांच्या नोकरीतल्या मायकेल फिलोझने सुरक्षिततेचा शब्द देऊन बोलावलं आणि पकडलं. अहमदनगरच्या किल्ल्यात कैद. 1798 मध्ये सुटले, पुन्हा कारभारात! 13 मार्च 1800 रोजी पुण्यात वारले, तोवर सुटका नाही.

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी जरा गप्पच झालो होतो. एक्सेल शीटमध्ये हप्ता होता, व्याज होतं, स्टँप ड्यूटी होती. शनिवारचा रकाना नव्हता.

बायकोने फोन काढला आणि कॅलेंडर उघडलं. म्हणाली, "गेल्या वर्षात दोघांनाही लॅपटॉप न उघडता गेलेले शनिवार-रविवार मोजू या." मोजले. सात. त्यातले दोन तिच्या भावाच्या लग्नाचे, एक मी तापाने झोपलो होतो तेव्हाचा. म्हणजे चार. "चार वीकेंडसाठी पंधरा वर्षं हप्ते भरायचे, आणि ते भरायचे म्हणून उरलेले अठ्ठेचाळीस काम करायचं," ती म्हणाली. भांडणाच्या सुरात नाही. हिशेब तपासल्यासारखी. फडणीसच जणू!

मला वाईट वाटलं ते प्लॉटचं नाही. ती पुढे म्हणाली, "मला झोपाळा नकोय रे. तू जेवताना फोन उलटा ठेवलास तरी चालेल." यावर काय बोलणार? नदीचा आवाज येत होता. तो दुपारपासून येत असणार, मला तेव्हा ऐकू आला.

पण गोष्ट इथे संपत नाही. नानांच्या मागे त्यांची सर्वांत लहान बायको राहिली, जिऊबाई. नाना गेले तेव्हा वय नऊ-दहा वर्षांचं! बाजीरावाचा नानांच्या मालमत्तेवर डोळा. ही पोर लोहगडावर राहिली, नानांचे विश्वासू किल्लेदार धोंडोपंत नित्सुरे यांच्या आसऱ्याला. मग आर्थर वेलस्लीच्या हमीवर पनवेलला, कंपनीच्या संरक्षणाखाली. 1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि त्यानंतर ती मेणवलीला राहायला आली. कंपनीकडून वर्षाला बारा हजारांची नेमणूक. तिने मूल दत्तक घेतलं, आणि वाड्यात वंश नांदता राहिला. या घाटाच्या पायऱ्या तिने रोजच्या रोज पाहिल्या असणार.

नानांचे कागदही याच वाड्यात होते. मेणवली दप्तर म्हणतात ते. साताऱ्याच्या दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी ते अभ्यासकांसमोर आणलं. पारसनीसांचा संग्रह 1939 मध्ये पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला. म्हणजे फाइली शेवटी पुन्हा पुण्यालाच! हे ऐकून बायको खूप हसली.

रविवारी सकाळी एजंटाला फोन करून सांगितलं की आज नाही जमणार. तो म्हणाला, साहेब, दुसरी पार्टी तयार आहे. म्हटलं, असू दे. मग दोघं पुन्हा मेणवलीला गेलो आणि घाटावर दोन तास नुसते बसलो. एका आजी पायरीवर कपडे धूत होत्या, पोरं पाण्यात उड्या मारत होती. तिकीट नाही, हप्ता नाही. नानांनी बांधलेला घाट आम्ही फुकटात वापरला, त्यांच्यापेक्षा बहुधा जास्त निवांतपणे.

प्लॉटचा विषय पूर्ण संपलाय असं नाही. येताना खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर बायको म्हणाली, "समजा कधी घेतलंच, तर माझ्या नावावर घ्यायचं."

"का?"

"बांधलं नानांनी. राहिली जिऊबाई."

एक्सेल शीटमध्ये शनिवारचा रकाना घातला आहे. गेल्या महिन्याचा आकडा दोन. बघू.