पत्राखालचा पत्ता

गेल्या वर्षी दहावीच्या वर्गातील एक विद्यार्थिनी माझ्या तासाला पेंगू लागली. मुलगी हुशार, अक्षर वळणदार. पूर्वी कधी तक्रारीला जागा नव्हती. तिच्या वडिलांना शाळेत बोलावून घेतले. ते म्हणाले, "सर, रात्री उशिरापर्यंत हिच्या हातात मोबाइल असतो. जादूगार, बुटके आणि राक्षस यांची कसलीशी चित्रकथा इंटरनेटवर थोडीथोडी प्रसिद्ध होते. ती वाचणाऱ्या परमुलखातल्या लोकांशी ही गप्पा मारीत बसते." मी त्या मुलीला चार शब्द सुनावले. कधी न पाहिलेल्या माणसांशी कधी न घडलेल्या गोष्टींविषयी बोलण्यात महत्त्वाचे वर्ष दवडू नये, असा त्यांचा आशय होता. ते बोलताना मला स्वतःविषयी बरेच समाधान वाटले होते, हेही येथे सांगितले पाहिजे.

पुढे कळले की त्या दिवसांत तिची आई इस्पितळात होती. वडिलांनी संकोचामुळे ती गोष्ट माझ्यापाशी काढली नव्हती आणि मीही काही विचारले नव्हते. परंतु मनिला शहरात परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या एका मुलीला ती ठाऊक होती. त्या चित्रकथेतील किल्ला पडणार की राहणार, असा वाद रंगात आलेला असताना ती मध्येच विचारी, "आज आईने काही खाल्ले का?" मी त्या बाकापासून दहा हातांवर उभा राहून शिकवीत होतो.

ज्याला मी वेळेचा अपव्यय म्हणालो तो प्रकार आहे तरी काय, हे पाहावे म्हणून मी त्याचा इतिहास धुंडाळू लागलो. तो इंटरनेटहून पुष्कळ जुना निघाला.

ह्यूगो गर्न्सबॅक हे लक्झेंबर्गमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले एक उद्योगी गृहस्थ होते. रेडिओ आणि वीज यांविषयीची मासिके ते चालवीत. एप्रिल १९२६ मध्ये त्यांनी 'अमेझिंग स्टोरीज' हे केवळ विज्ञानकथांना वाहिलेले मासिक काढले, आणि पुढल्या वर्षाच्या आरंभी त्यात वाचकांच्या पत्रांचे सदर उघडले. त्या सदरात पत्राखाली लिहिणाऱ्याचे नाव तर असेच, शिवाय पत्ताही छापलेला असे. इतक्या क्षुल्लक गोष्टीतून पुढे काय निर्माण होईल याची कल्पना संपादकांना खचित नसावी. गावात मंगळावरच्या गोष्टी वाचणारा आपण एकटाच, असे समजणाऱ्या एखाद्या मुलाला त्या पानावर आपल्यासारखाच दुसरा एक सापडे, आणि तो कोणत्या रस्त्यावर, कितव्या क्रमांकाच्या घरात राहतो हेही कळे. मग संपादकांना मध्ये घेण्याचे कारण उरत नसे. पोस्टाचे तिकीट तेवढे पुरे.

या पत्रव्यवहारातून मंडळे निघाली आणि मंडळांची हस्तनिर्मित मासिके निघाली. १९३० मध्ये 'द कॉमेट' निघाले, १९३२ मध्ये 'द टाइम ट्रॅव्हलर'. दुसऱ्याच्या चालकांत न्यूयॉर्ककडचा ज्युलियस श्वॉर्ट्झ नावाचा एक तरुण होता. त्याचे नाव श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे, पुढे त्याची गाठ पडणार आहे. क्लीव्हलंड येथे शाळेत शिकणारा जेरी सीगल हाही याच पत्रलेखकांपैकी एक. १९३२ मध्ये त्याने स्वतःचे चक्रमुद्रित मासिक काढले, आणि त्याच्या जानेवारी १९३३ च्या अंकात त्याची एक कथा त्याचा शाळासोबती जो शुस्टर याच्या चित्रांसह आली. त्या कथेतला 'सुपरमॅन' दुष्ट होता. पुढे या दोघांनी त्याला सज्जन केले आणि १९३८ साली तो 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात अवतरला. त्याच्यावरील सारे हक्क या दोघा मित्रांनी अवघ्या १३० डॉलरांना विकून टाकले होते. तो एका स्वतंत्र भाषणाचा विषय आहे.

या मासिकांची छपाई कशी चाले, ते थोडे सांगतो. उथळ ताटात जिलेटिनचा थर गोठवायचा. खास शाईने, बहुधा जांभळ्या, लिहिलेला कागद त्यावर दाबून उचलायचा, म्हणजे अक्षरे उलटी होऊन थरात उतरतात. मग एकेक कोरा कागद ठेवून हाताने फिरवायचा. पन्नासएक प्रती झाल्या की अक्षर फिके पडते. ज्यांच्यापाशी थोडे अधिक पैसे असत ते मेणकागदावर टंकलेखन करून चक्रमुद्रण करीत. आमच्या विद्यार्थिदशेत चाचणीच्या प्रश्नपत्रिका सायक्लोस्टाइल करून येत. त्या कागदाचा वास ज्यांना आठवत असेल त्यांना अधिक वर्णन नको.

अशा मासिकाला इंग्रजीत 'फॅन्झीन' म्हणतात. हा शब्द १९४० मध्ये रसेल शोव्हने नावाच्या एका अमेरिकन चाहत्याने बनवला. तो लहानपणी आजाराने बहिरा झाला होता. शब्दकोशात आता स्थिरावलेल्या या शब्दामागे एक बहिरा माणूस आहे, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. सभेत, मेजवानीत, आगगाडीच्या डब्यात त्याच्या वाट्याला जे संभाषण येत नव्हते, ते टपालातून पुरेपूर येत होते. कागदावर तो कोणाहून उणा नव्हता.

आता या कागदांवर बोलणे कशाचे चाले? आरंभी अर्थातच कथांचे. पण १९३७ मध्ये डोनल्ड वॉलहाइम या तरुणाने एक मंडळ काढले. त्यात प्रत्येक सभासदाने आपले दोनचार पानी पत्रक छापून सर्वांपुरत्या प्रती एका व्यवस्थापकाकडे धाडायच्या. त्याने प्रत्येकाची एकेक प्रत घेऊन गठ्ठे बांधायचे आणि वर्षातून चार वेळा सर्वांना पाठवायचे. पुढल्या पत्रकात मागल्या गठ्ठ्यातील मजकुराला उत्तरे द्यायची. तीन महिन्यांनी प्रश्न, तीन महिन्यांनी उत्तर, अशा संथ लयीच्या या गप्पा. गप्पांचा जो स्वभाव असतो तो येथेही प्रकट झाला. अंतराळातून निघालेला माणूस पाहता पाहता घरभाडे, नोकरी, मुलाचा गोवर आणि मांजर यांवर येऊन ठेपू लागला.

माझ्यासारख्या ख्रिस्ती घरात वाढलेल्या माणसाला येथे संत पौलाची आठवण होते. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात मरण आणि श्रद्धा यांविषयी गंभीर उपदेश चालला आहे, आणि मध्येच, त्रोवस गावी राहिलेला माझा झगा येताना घेऊन ये, असा निरोप आहे. लहानपणी मला हा झगा पवित्र शास्त्रात विजोड वाटे. आता त्या पत्रातील तोच भाग सर्वांत जवळचा वाटतो.

दुसऱ्या महायुद्धात या लिखाणाची खरी कसोटी लागली. इंग्लंडात लीड्स येथे मायकेल रोझेनब्लूम राहत असत. सदसद्विवेकबुद्धीला स्मरून त्यांनी शस्त्र हाती घेण्यास नकार दिला होता. ऑक्टोबर १९४० पासून १९४५ पर्यंत त्यांनी एक लहानसे वार्तापत्र नेटाने चालू ठेवले. कागदाची टंचाई होती. इतर हौशी संपादकांचे एकेक पान ते आपल्याच पाकिटातून धाडीत. विज्ञानकथांच्या परीक्षणांशेजारी कोण कोठल्या पलटणीत आहे, कोणाचा पत्ता बदलला, अशा वार्ता त्यात असत. वाचकांत सैन्यात गेलेले होते आणि युद्धाला नकार देणारेही होते. हे दोघे एका टेबलाशी बसले असते तर काय झाले असते कोण जाणे; पण त्या पाकिटात ते एकत्र राहिले.

आता ज्युलियस श्वॉर्ट्झकडे वळू. तीस वर्षांनी तो एका मोठ्या चित्रकथा प्रकाशनसंस्थेत संपादक झालेला होता. १९६१ च्या आरंभी जेरी बेल्स नावाचा एक वाचक त्याला भेटायला आला. बेल्स डेट्रॉइट येथे विद्यापीठात विज्ञान शिकवी. मिसूरीतील रॉय थॉमस या तरुणाशी त्याचा जोराचा पत्रव्यवहार होता. थॉमसही लौकरच शाळेत इंग्रजी शिकवू लागला. दोघे शिक्षक, ही गोष्ट मी आमच्या शिक्षकखोलीत मुद्दाम सांगितली. श्वॉर्ट्झने आपल्या तरुणपणीची ती हस्तनिर्मित मासिके पाहुण्याला दाखवली. बेल्सने घरी जाऊन थॉमसच्या साह्याने 'आल्टर-ईगो' हे चित्रकथांच्या चाहत्यांचे पत्र काढले, आणि श्वॉर्ट्झने आपल्या अंकांतील पत्रांखाली वाचकांचे पूर्ण पत्ते छापण्यास सुरुवात केली. हा गृहस्थ स्वतः अशाच एका पत्त्यामुळे घडला होता. थॉमस पुढे 'मार्व्हल'चा प्रमुख संपादक झाला.

याच प्रथेतून एक संसारही उभा राहिला. १९६९ मध्ये 'सिल्व्हर सर्फर' या चित्रकथेच्या पाचव्या अंकात वेंडी फ्लेचर या कॅलिफोर्नियातील मुलीचे पत्र छापून आले. देशाच्या दुसऱ्या टोकाला, मॅसॅच्युसेट्समध्ये शिकणाऱ्या रिचर्ड पिनीने ते वाचून तिला लिहिले. १९७२ मध्ये त्यांचा विवाह झाला, आणि १९७८ पासून वेंडीच्या कुंचल्यातून व दोघांच्या श्रमांतून 'एल्फक्वेस्ट' ही अद्भुतरम्य चित्रकथा प्रसिद्ध होऊ लागली. वनातून हुसकलेल्या यक्षांनी आपल्या जातीची माणसे शोधीत फिरावे, असे तिचे कथानक आहे. ते पत्रांच्या सदरात भेटलेल्या दांपत्याला सुचावे यात नवल नाही. वाचकांनी आपल्या मंडळांना त्या यक्षांच्या वस्तीचेच नाव दिले.

आपल्याकडे असे काही झाले काय? १९६४ मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' निघाली. तिच्या मराठी आवृत्तीतून वेताळ आमच्या पिढीपर्यंत पोहोचला. परंतु मला आठवतो तो 'चांदोबा'. छायाचित्राला मथळा सुचवण्याची स्पर्धा त्यात असे आणि विजेत्याचे नाव पत्त्यासह छापीत. अकराव्या वर्षी मी बेळगावहून अशा एका इंदूरच्या विजेत्याला पोस्टकार्ड टाकले. महिन्याने उत्तर आले. त्यात मथळ्याविषयी एकच ओळ होती. बाकीचे कार्ड बहिणीच्या लग्नात हलवायाने केलेल्या घोटाळ्याने भरले होते, आणि जागा न पुरल्यामुळे शेवट पत्त्याच्या बाजूला आडवा लिहिला होता. आमचा पत्रव्यवहार वर्षभर चालला. वेताळ-विक्रमाचा उल्लेख त्यात फारसा आला नाही.

इंटरनेटवर आता अशा कथा रोज उमलतात. हातापायांच्या जागी काड्या असलेल्या पात्रांची 'द ऑर्डर ऑफ द स्टिक' ही रिच बर्ल्यू यांची चित्रकथा २००३ पासून चालू झाली. २०१२ मध्ये जुने भाग पुन्हा छापण्यासाठी त्यांनी ५७,७५० डॉलर मागितले, तो वाचकांनी साडेबारा लाखांहून अधिक दिले. त्याच वर्षी हाताला मोठी इजा होऊन त्यांचे चित्र काढणे काही काळ बंद पडले. गोष्ट थांबली, वाचकांचे आपसांतले बोलणे काही थांबले नाही.

फरक एवढाच की पत्राखालचा पत्ता आता गेला. टोपणनाव असते, एखादे चित्र असते. मी स्वतः दरवर्षी वर्गात बजावतो की पत्ता, दूरध्वनी, छायाचित्र कोणास देऊ नका. शिक्षकाने तसे बजावलेच पाहिजे, आणि त्या मुलीने ते पाळलेही होते. मनिलातील मुलीला आमच्या गावाचे नाव आजही ठाऊक नाही. आई कोणत्या दिवशी घरी आली, ते मात्र ठाऊक आहे.

मी तिची क्षमा मागितली तेव्हा ती गोंधळून गेली. शिक्षकांना तशी सवय नसते, विद्यार्थ्यांनाही नसते. नंतर मी ती चित्रकथा वाचू लागलो आहे. किल्ला पडतो, एवढे मला कळले आहे. परवा ती शाळेत दाखला नेण्यास आली होती. जाता जाता दाराशी थांबून म्हणाली, "सर, मनिलाची ती पास झाली. सोमवारपासून रात्रपाळी आहे तिला."