आरसा, खिडकी आणि सरकते दार

अमेरिकेतल्या भारतीय कुटुंबांच्या इतिहासात १९६५ हे साल फार महत्त्वाचे आहे. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नव्या इमिग्रेशन कायद्यावर सही केली आणि आपल्यासारख्यांसाठी या देशाची दारे उघडली. त्याआधी जेमतेम तीन आठवडे, ११ सप्टेंबरला, ‘सॅटरडे रिव्ह्यू’ या साप्ताहिकात एक लेख छापून आला होता. इथे वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या हाती कोणती पुस्तके पडणार, याच्याशी त्या लेखाचा जवळचा संबंध आहे.

लेखिका होत्या वाचनशिक्षणाच्या अभ्यासक नॅन्सी लॅरिक. लेखाचे नाव ‘द ऑल-व्हाइट वर्ल्ड ऑफ चिल्ड्रन्स बुक्स’. न्यूयॉर्कच्या एका बालवाडीतल्या पाच वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीने विचारले होते, की पुस्तकांत नेहमी गोरीच मुले का असतात? लॅरिकबाईंनी त्या चिमुरडीचा प्रश्न हसण्यावारी नेला नाही; सरळ मोजणीच केली. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत निघालेली ५,२०६ बालपुस्तके त्यांनी हिशेबात घेतली. त्यांपैकी फक्त ३४९ पुस्तकांत, म्हणजे शंभरात सातांपेक्षाही कमी पुस्तकांत, एखादे तरी कृष्णवर्णीय पात्र होते. त्यातही बऱ्याच कथा परदेशात किंवा जुन्या काळात घडणाऱ्या. आजूबाजूच्या, त्या काळच्या अमेरिकेतले कृष्णवर्णीय मूल शोधायला गेले तर प्रमाण एक टक्काही भरेना.

तोवर बालवाङ्मयाची चर्चा बहुधा भाषा सोपी आहे का, चित्रे सुबक आहेत का, बोध चांगला आहे का, एवढ्यावर थांबत असे. पुस्तकात कोण आहे आणि कोण नाही, हा प्रश्न या लेखाने ऐरणीवर आणला. पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या बालपुस्तक केंद्राने ही मोजणी चालू ठेवली. १९८५ साली देशात निघालेल्या सुमारे २,५०० बालपुस्तकांपैकी कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची पुस्तके त्यांना अवघी १८ सापडली. वीस वर्षांनंतरची ही स्थिती!

पण नुसत्या मोजणीने भागत नाही. रूडीन सिम्स बिशप या विदुषीने १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या ‘शॅडो अँड सबस्टन्स’ या ग्रंथात कृष्णवर्णीय जीवनावरच्या १५० बालपुस्तकांचा अभ्यास मांडला. काही पुस्तके गोऱ्या वाचकाच्या मनात सहानुभूती जागवण्यासाठी लिहिलेली, काहींत मुलाचा रंग तेवढा वेगळा पण संस्कृतीचा मागमूस नाही, आणि काही मात्र त्या समाजाच्या आतून लिहिलेली, असे तीन गट त्यांना आढळले. १९९० साली त्यांनी हाच विचार एका सुंदर रूपकात मांडला. पुस्तक कधी खिडकी असते, त्यातून दुसऱ्याचे जग दिसते. कधी ते सरकते काचेचे दार होते आणि वाचक कल्पनेने त्या जगात पाऊल टाकतो. आणि योग्य उजेड पडला की तीच काच आरसा होते. ज्या मुलाला आरसा कधीच मिळत नाही, त्याला आपली या जगात किंमत नाही असे वाटू लागते. आणि ज्याला फक्त आरसेच मिळतात, त्याला जग म्हणजे आपणच असे वाटते!

आता आपल्याकडे वळू. धनगोपाल मुखर्जी यांच्या ‘गे-नेक’ या कबुतराच्या कथेला १९२८ साली मानाचे न्यूबेरी पदक मिळाले. पण त्यात दिसतो तो दूरचा कोलकाता आणि हिमालय. अमेरिकन मुलांसाठी ती खिडकीच. इथे वाढणाऱ्या भारतीय मुलीची घालमेल मिताली पर्किन्स यांच्या ‘द सुनीता एक्स्पेरिमेंट’मध्ये उतरली ती १९९३ साली. वीरा हिरानंदानी यांच्या फाळणीवरच्या ‘द नाइट डायरी’ला २०१९ मध्ये, तर रजनी लारोका यांच्या ‘रेड, व्हाइट अँड होल’ला २०२२ मध्ये न्यूबेरी सन्मान मिळाला. कायद्याने दार उघडले १९६५ साली. पुस्तकांतले आरसे मात्र सावकाश आले.

हीच कसोटी आपल्या लाडक्या पुस्तकांनाही लावून पाहावी. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. कोकणातल्या त्या घरात आपल्यापैकी अनेकांना आपले घर दिसले. पण त्यात मोळी उचलता न येणाऱ्या दलित म्हातारीचा प्रसंग आहे. आईची करुणा अस्सल आहे, गुरुजींची तळमळ तर त्याहून. तरीही तो प्रसंग आपण पाहतो तो श्यामच्या नजरेने. त्या म्हातारीच्या नातवाला हे पुस्तक आरसा वाटले असते का? असा प्रश्न विचारल्याने पुस्तकाची थोरवी उणी होत नाही. उलट आपले वाचन मोठे होते.

म्हणून पालकांनो, पुस्तक निवडताना ‘यातून संस्कार काय मिळतील’ या प्रश्नाच्या जोडीला आणखी दोन प्रश्न असू द्या. ही गोष्ट कोणाच्या नजरेने सांगितली आहे? आणि यात कोण दिसतच नाही? मुलांनाही ते विचारू द्या. पाच वर्षांच्या मुलीला असा प्रश्न पडू शकतो, आणि तो ऐकणारे कोणी भेटले तर त्यातून एक अख्खी समीक्षा उभी राहते, हे आपण पाहिलेच आहे.