बोर्डिंगपासून नवोदयपर्यंत



मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी मीही काही लिहावे, असा आपल्या चिटणीसबाईंचा आग्रह पडला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लेख लिहिण्याची सवय नाही. परंतु गेली काही वर्षे हळदीकुंकवाला जमलो तरी आणि दळणाला गेलो तरी आपल्यात एक विषय हटकून निघतो, तो म्हणजे पाचवीतल्या मुलांची नवोदयची परीक्षा. कोणाचा मुलगा बसला, कोणाची मुलगी लागली, कोणाचे थोडक्यात हुकले! ही शाळा आली कोठून, तिच्यात मुले निवडून का घेतात, आणि मुलाला तिच्यासाठी तयार करायचे म्हणजे नेमके काय करायचे, याची माहिती जमवून तुमच्यापुढे ठेवीत आहे. गोड मानून घ्यावी.

पूर्वी खेड्यातल्या मुलाची शाळा फार तर सातवीपर्यंत चाले. त्या वेळी सातवीच्या परीक्षेला व्हर्नाक्युलर फायनल म्हणत. ती उत्तीर्ण झालेल्यास प्राथमिक शाळेत मास्तरकी मिळे. म्हणून जुनी माणसे 'फायनल झालेला' असे मोठ्या मानाने सांगत. पुढचे शिक्षण हायस्कुलात, आणि हायस्कूल शहरात. तेथे राहायचे कोठे आणि जेवायचे काय, हा प्रश्न अभ्यासाच्या आधी पुढे येई. पुष्कळ मुले बुद्धी कमी म्हणून नव्हे, तर वाट लांब म्हणून मागे राहिली. मुलींची तर गोष्टच वेगळी. पुण्याला हुजूरपागेची मुलींची शाळा १८८४ साली निघाली खरी, पण आपल्या कृष्णाकाठच्या शेतकऱ्याच्या मुलीला पुणे तेव्हा परदेशासारखेच होते. फार कशाला, माझ्या लहानपणीही आमच्या गावात सातवीच्या पुढे वर्ग नव्हता. थोरल्या भावाला सायकल मिळाली, तो पुढे गेला. मला ती मिळाली नाही.

या अडचणीवर पहिला मोठा इलाज आपल्या शेजारच्या कोल्हापुरात झाला. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांचे बोर्डिंग काढले, आणि नंतर जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य मानलेल्या समाजातील मुले, अशी एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली. याच कोल्हापुरात शिकलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली त्यांनी साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव दिले गेले. हे सारे पाठ्यपुस्तकात येते. परंतु त्या मुलांना रांधून कोण घालीत होते, हे आपण बायकांनी विसरू नये. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी ती मुले आपलीच मानली. त्यांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले, आणि शेवटी गळ्यातले मंगळसूत्रही दिले.

या बोर्डिंगांत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी होती. शिकायची इच्छा आणि घरची गरिबी एवढे असले म्हणजे मुलाला दार उघडे असे. आधी परीक्षा देऊन हुशारी सिद्ध करावी लागत नसे. मूल आत आले की कष्ट करी, शिके, आणि मग हुशार ठरे.

निवड करून मुले घेणारी सरकारी निवासी शाळा आपल्याकडे ठळकपणे आली ती १९६१ साली. त्या वर्षी साताऱ्याला देशातील पहिली सैनिकी शाळा सुरू झाली. लष्करात अधिकारी होण्यासाठी मुले तयार करावीत, हा तिचा उद्देश. प्रवेश परीक्षेने. मात्र साठ वर्षे ती फक्त मुलग्यांची होती. देशातील सर्व सैनिकी शाळांची दारे मुलींना २०२१ च्या सुमारास उघडली.

नवोदय याच्याही नंतरची. राजीव गांधी पंतप्रधान असताना १९८६ चे नवे शैक्षणिक धोरण आले. खेड्यातील हुशार मुलाला, त्याच्या आईबापांची ऐपत असो वा नसो, उत्तम शिक्षण मिळावे, यासाठी प्रत्येक जिल्ह्यात एक निवासी शाळा काढावी असे ठरले. १९८५-८६ साली प्रथम दोनच शाळा करून पाहिल्या. एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या महाराष्ट्रात अमरावतीला. आज देशात त्या साडेसहाशेच्या घरात आहेत. तामिळनाडूने मात्र त्या घेतल्या नाहीत. आपल्या सांगली जिल्ह्याची शाळा पलूसला आहे, कोल्हापूरकरांची कागलला.

एका शाळेत सहावीला साधारण ८० मुले घेतात. त्यांतील किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांच्या, आणि किमान एक तृतीयांश मुलींच्या. राहणे, जेवण, पुस्तके, गणवेश फुकट. नववीपासून विकास निधी म्हणून महिना ६०० रुपयांपासून पुढे भरावे लागतात, परंतु मुलींना, अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना व दारिद्र्यरेषेखालील घरांतील मुलांना तेही माफ आहेत. आणखी एक चांगली चाल या शाळांत आहे. नववीत काही मुलांना वर्षभर दुसऱ्या भाषेच्या मुलखातील नवोदयमध्ये पाठवितात. आपली मुले हिंदी मुलखात जातात, तिकडची इकडे येतात.

आता परीक्षेविषयी. ती पाचवीत असताना द्यायची, आणि आयुष्यात एकदाच. दोन तासांत ८० प्रश्न, १०० गुण. त्यांतील ५० गुण आकृत्यांच्या प्रश्नांना, २५ अंकगणिताला, २५ भाषेला. पेपर आपल्या मराठीत देता येतो. निम्मे गुण आकृत्यांना का, हे मला प्रथम कळेना. ज्या मुलाच्या घरात पुस्तक नाही, ज्याचे आईबाप शिकलेले नाहीत, त्यालाही शहरातल्या मुलाच्या बरोबरीने उत्तर देता यावे, म्हणून ही परीक्षा अशी बेतली होती. ठरविणाऱ्यांचा हेतू चांगला होता.

पुढे काय झाले, ते आपण पाहतोच आहोत. जागा देशभरात ५० हजारांच्या आसपास, आणि अलीकडच्या वर्षांत परीक्षेसाठी नावे नोंदविणारी मुले २० लाखांच्या वर. म्हणजे चाळीसांत एक. मग क्लास निघाले. तालुक्याच्या गावी तिसरी-चौथीपासून मुले घातली जातात. कोठे कोठे तर त्यासाठी दहा वर्षांचे मूल घराबाहेर ठेवतात. गरिबाला क्लासची गरज पडू नये म्हणून काढलेली परीक्षा, आणि तिच्याच क्लाससाठी गरिबाने कर्ज काढायचे! इतिहासाची ही उलटी चाल मला खटकते.

आमची धाकटी या परीक्षेला बसली तेव्हा आम्ही तिला क्लास लावला नाही, कारण तेवढे पैसे नव्हते. जुन्या प्रश्नपत्रिका मात्र आणल्या. त्या उघडून पाहिल्या तेव्हा मला मोठा धीर आला. अपुरी आकृती पुरी करा, असा एक प्रकार असतो. ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या बाईला तो शिकवावा लागत नाही. अर्धी काढली की उरलेली कशी येणार, हे हाताला ठाऊक असते. घडी घातलेल्या कागदाला भोके पाडली, तर उघडल्यावर कशी दिसतील, असा दुसरा प्रकार. गणपतीच्या मखराला कागदाची जाळी कापतो, ती हीच विद्या. आरशातील प्रतिमेसाठी भिंतीवरचा आरसा पुरला. अंकगणितासाठी दुधाचे रतीब, किराणाची चिठ्ठी, शेकडा टक्केवारीसाठी सोसायटीचे व्याज. भाषेत चार उतारे येतात. रोज रात्री वर्तमानपत्रातील एक मजकूर तिने मोठ्याने वाचायचा आणि आम्ही तिला प्रश्न विचारायचे. तिच्या आजीचे प्रश्न सर्वांत कठीण असत.

मुलीचे नाव निवड यादीत आले, आणि घरात खरी परीक्षा सुरू झाली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, एवढीशी पोर ती. तिला आपल्या हातानं येणी घालता येत नाही, आन् तिला बाहेर धाडतीस व्हय?" हे आधी गप्प राहिले, मग म्हणाले, "मुलगा असता तर आई असं म्हणाली असती का?" त्यावर दोन दिवस घरात कोणी फारसे बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनीच नातीला पुढ्यात बसवून वेणी शिकवायला घेतली. नकार कोठे गेला, ते कोणी विचारले नाही.

सासूबाईंचे म्हणणे मात्र अगदी खरे होते. परीक्षेची तयारी सारेच करतात, जाण्याची तयारी राहून जाते. ज्यांची मुले पुढे जाणार आहेत, त्यांच्यासाठी सांगते. आपले कपडे आपण धुणे, वाळत घालणे, घडी करणे. अंथरूण काढणे. ताटात आले ते खाणे. प्रत्येक कपड्याच्या आत दोऱ्याने नाव घालून देणे. पेटीची किल्ली जपणे. अंगात कणकण वाटली तर लाजून न बसता बाईंना सांगणे. मुलींना मोठे होण्याविषयी जे सांगायचे, ते आईनेच, निघण्याच्या आधी, सरळ शब्दांत सांगणे. हे उद्यावर टाकू नये. आणि भेटीच्या दिवशी आपण तिच्यापुढे रडू नये. घरी येऊन रडावे, मी तेच करते.

यादीत नाव न आलेल्या मुलांविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. आपल्या आळीतून त्या वर्षी सात मुले बसली होती. लागली एकच, आमची. उरलेल्या सहांपैकी एका मुलाने चार दिवस घराबाहेर तोंड दाखविले नाही, कारण त्याला 'आता तुझे काही खरे नाही' असे ऐकावे लागले होते. अकरा वर्षांच्या मुलाला हे शब्द! जिल्ह्यातून हजारो मुले बसतात आणि ८० घेतात. उरलेली सारी मठ्ठ का? पेपरला बसण्याआधीच मुलाला सांगावे, की जागा थोड्या आहेत, लागलास तर आनंद, नाही लागलास तर आपले हायस्कूल आहे. ते हायस्कूल आज चालत जाण्याच्या अंतरावर आहे, ही काही लहान गोष्ट नव्हे. तेवढ्यासाठी लक्ष्मीबाईंसारख्या बायकांनी अंगावरचे सोने दिले आहे. तो मुलगा आज तेथेच नववीत आहे आणि गणितात वर्गात पुढे आहे.

शेवटी मंडळापुढे एक विनंती ठेवते. आपल्या कपाटात जुन्या प्रश्नपत्रिकांचा एक संच ठेवावा, आणि शनिवारी संध्याकाळी तासभर पाचवीच्या मुलांना मंडळाच्या खोलीत बसवावे. कोणी उतारा वाचून घ्यावा, कोणी हिशेब, कोणी रांगोळी. फी नाही, निवड नाही. जे मूल येईल त्याला बसू द्यावे. जुन्या बोर्डिंगांची रीत एवढी तरी आपल्या हातून चालू राहील.