बाहुल्या, बृहन्नडा आणि बघणाऱ्यांचे डोळे

१९९९ च्या फेब्रुवारीत जेरी फॉलवेल या अमेरिकन धर्मोपदेशकाच्या नियतकालिकाने पालकांना एक इशारा दिला. 'टेलिटबीज' या ब्रिटिश बालमालिकेतील टिंकी विंकी हे गोलमटोल पात्र समलिंगी असल्याचा संशय त्यात होता. पुरावे तीन : अंगाचा रंग जांभळा, डोक्यावरचा अँटेना त्रिकोणी आणि हातात लाल पिशवी. मालिका होती जेमतेम बोलू लागलेल्या बालकांसाठी. २००७ मध्ये पोलंडच्या बालहक्क अधिकारी बाईंनी याच पिशवीची मानसशास्त्रज्ञांकडून तपासणी करवण्याचे बोलून दाखवले आणि हसे होताच माघार घेतली. शासकीय सेवेत आयुष्य गेलेल्या आम्हांस या कथेत एक ओळखीचा सूर ऐकू येतो. फायलीत जे लिहिलेलेच नसते, त्यावर सर्वांत लांब टिपणी लिहिली जाते.

ही संशयाची परंपरा जुनी आहे. फ्रेड्रिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने १९५४ साली चित्रकथांवर पुस्तक लिहून बॅटमन आणि त्याचा बालसहकारी रॉबिन यांच्या एकत्र राहण्यावर बोट ठेवले. त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली आणि १९५६ मध्ये बॅटमनच्या आयुष्यात बॅटवूमन अवतरली. संशय फेडण्यासाठी नायिका आणावी, हा उपाय आपल्या चित्रपटवाल्यांनाही पसंत पडला असता!

परंतु ओळींमधले वाचणारे सगळेच विरोधक नव्हते. १९६९ पासून चाललेल्या 'सेसमी स्ट्रीट'मध्ये बर्ट आणि अर्नी हे दोन बाहुले मित्र एकाच घरात राहतात, भांडतात आणि पुन्हा एक होतात. अनेक समलिंगी प्रेक्षकांना त्यांत आपल्या घराचे चित्र दिसले. त्या कार्यक्रमाचे एक लेखक मार्क सॉल्ट्झमन यांनी २०१८ मध्ये सांगितले, की ही जोडी लिहिताना त्यांच्यासमोर स्वतःचे आणि आपल्या जोडीदाराचे सहजीवन असे. संस्थेने उत्तर दिले, की बाहुल्यांना लैंगिक कल नसतो. वरवर पाहता हे बिनतोड आहे. मात्र मिकीला मिनी आणि डोनाल्डला डेझी मिळाली, तेव्हा रेघांच्या चित्रांना कल कसा, असे कोणी विचारल्याचे आम्हांस स्मरत नाही. जपानी 'सेलर मून' मालिकेतील दोन प्रेयसींना इंग्रजी आवृत्तीत चुलत बहिणी ठरवण्यात आले. चित्रे मात्र तशीच राहिली, त्यामुळे पाहणारी मुले अधिकच गोंधळात पडली असतील.

आता आपल्या मुलखाकडे वळू. संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. त्यांच्या १८८२ च्या 'सौभद्रा'त सुभद्रा गाजवली ती भाऊराव कोल्हटकरांनी. हुबळीजवळच्या कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, हे गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी यांचे गुरू म्हणून आपणांस वंदनीय आहेत; पण ऐन उमेदीत तेही स्त्रीभूमिका करीत. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या संयुक्त 'मानापमाना'त भामिनी होते बालगंधर्व आणि धैर्यधर केशवराव भोसले. हे केशवराव बालपणी 'शारदे'च्या भूमिकेत गाजलेले! म्हणजे रंगमंचावर प्रणय रंगत होता तो दोन पुरुषांत, आणि दोघांनीही शालू नेसलेला. समोर सहकुटुंब बसलेला समाज सोवळा होता, एकमेकांस जपणारा होता. त्याने डोळे भरून ते पाहिले, आणि घरोघरच्या स्त्रियांनी बालगंधर्वांसारखे पातळ नेसायला घेतले.

येथे एक सावधगिरी हवी. स्त्रीवेश घेणे वेगळे आणि पुरुषाने पुरुषावर प्रेम करणे वेगळे. नटाच्या पातळावरून त्याच्या मनाचा निवाडा करणे म्हणजे टिंकी विंकीच्या पिशवीचाच न्याय. आमचा प्रश्न नटांविषयी नाही, प्रेक्षकांविषयी आहे. काळोखातल्या त्या शेकडो माणसांत एखादा तरुण असा असेलच, की ज्याला भामिनीच्या पदरामागचा पुरुष विसरता येत नव्हता आणि विसरायचाही नव्हता. त्याने ते कोणास सांगितले नाही, कोठे लिहून ठेवले नाही. १८६० च्या दंडसंहितेचे ३७७ वे कलम तेव्हा जारी होते. आपल्या रंगभूमीच्या इतिहासग्रंथांत तारखा, तिकिटे, तालमी सारे काही आहे. हा प्रेक्षक नाही.

पुढे स्त्रिया रंगभूमीवर आल्या. १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा'नंतर स्त्रीपार्टी नट मागे पडत गेला. ते योग्यच झाले. पण त्याबरोबर पाहण्याची एक सैल, उदार रीतही आकसली. विजय तेंडुलकरांनी १९८१ मध्ये 'मित्राची गोष्ट' रंगमंचावर आणली, तेव्हा स्त्रीचे स्त्रीवरील प्रेम हा उघड विषय झाला आणि पुष्कळांना ते पेलले नाही. झाकलेले चालत होते, उघड चालेना.

मुलांचे मात्र निराळे. १९८८ ते १९९० या काळात दूरदर्शनवर 'महाभारत' चालू असताना गल्लीतली पोरे बृहन्नडेच्या रूपातील अर्जुन पाहून गोंधळली नाहीत; हाच तो गांडीवधारी, एवढे त्यांस पुरेसे होते. आपल्या भागात सौंदत्तीच्या यल्लम्माच्या सेवेतील, साडी नेसणारे जोगप्पा बालपणापासून सर्वांच्या पाहण्यातले. त्याच परंपरेतील मंजम्मा जोगती २०१९ मध्ये कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या आणि २०२१ चा पद्मश्री किताब त्यांना मिळाला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे परस्परसंमतीचे संबंध ३७७ व्या कलमातून वगळले. १ जुलै २०२४ पासून आलेल्या नव्या संहितेत तर ते कलमच नाही.

आता पडद्यावरही ओळींमधले वाचण्याची गरज कमी होत चालली आहे. २०१९ च्या मे महिन्यात 'आर्थर' या अमेरिकन कार्टून मालिकेत रॅटबर्न गुरुजींचे लग्न एका पुरुषाशी लागले. अलाबामा राज्याच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने तो भाग दाखवण्यास नकार दिला. कथेतल्या विद्यार्थ्यांना वराविषयी काहीच वाटले नाही. त्यांना खटकले ते गुरुजींचे सर्वांसमक्ष नाचणे.