मॅट्रिक, बारावी, सीईटी: मार्कांचा भाव कोण ठरवतो?

मागच्या महिन्यात घर रंगवायला काढलं म्हणून गावी गेलो होतो. माळ्यावरची ट्रंक खाली उतरवली, तर त्यात आजोबांचं मॅट्रिकचं सर्टिफिकेट सापडलं. १९४७ सालचं. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण अक्षरं शाबूत. सहज वाचायला लागलो आणि अडखळलो. वर बोर्डाचं नाव नव्हतंच, मुंबई विद्यापीठाचं होतं! शाळेच्या शेवटच्या परीक्षेशी विद्यापीठाचा काय संबंध?

बाबा म्हणाले, "अरे, तेव्हा मॅट्रिक विद्यापीठच घ्यायचं." बाबा ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या लेखी विषय तिथे संपला. माझ्या डोक्यात मात्र तिथून सुरू झाला. पुढचे तीन शनिवार-रविवार त्यातच गेले, त्याचा हा हिशोब.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक झाली. त्या पहिल्या तुकडीत न्यायमूर्ती रानडे होते. मॅट्रिक या शब्दाचा मूळ अर्थच विद्यापीठाच्या पटावर नाव लागणे. शाळा सुटल्याचा दाखला म्हणून ती जन्मलीच नव्हती. विद्यापीठाला आत कोणाला घ्यायचं हे ठरवायचं होतं, म्हणून विद्यापीठाने पेपर काढले, विद्यापीठाने तपासले. म्हणजे आजच्या भाषेत बोलायचं तर मॅट्रिक ही सीईटी होती बरं का!

पण गंमत अशी झाली की कॉलेजात जाणारे मूठभर आणि मॅट्रिकला बसणारे कितीतरी जास्त. सरकारी कचेऱ्यांना कारकून निवडायला एक आयती चाळणी मिळाली. नोकरीसाठी मॅट्रिक, लग्नासाठी मॅट्रिक! मग शाळा शिकवणार काय, तर मॅट्रिकला येतं तेवढंच. १८८२ च्या हंटर आयोगाने म्हणूनच सुचवलं होतं की वरच्या वर्गांत दोन वाटा करा, एक विद्यापीठाकडे जाणारी आणि दुसरी व्यवहाराच्या कामाची. सूचना चांगली होती, पण दुसऱ्या वाटेला मॅट्रिकची पत काही आली नाही. आमचे आजोबा घ्या. मॅट्रिक झाले आणि लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर म्हणून चिकटले. कॉलेजची पायरी कधी चढले नाहीत. त्यांनी प्रवेशपरीक्षा दिली, पण प्रवेश कधी घेतलाच नाही!

१९४८ मध्ये मुंबई राज्यात कायदा झाला आणि ही परीक्षा विद्यापीठाकडून काढून वेगळ्या बोर्डाकडे दिली. मॅट्रिक जाऊन एस.एस.सी. आली. पुढे १९६६ पासून आपलं आत्ताचं राज्य मंडळ. १९७५ च्या सुमारास अकरावीची एस.एस.सी. जाऊन दहावीची आली आणि १०+२+३ ची घडी बसली. कागदावर आता चित्र स्वच्छ होतं. शाळेने काय शिकवलं ते बोर्ड तपासेल, कॉलेजने आपलं आपण बघावं.

कॉलेजांनी काय बघितलं? बोर्डाचेच मार्क! कारण ते आयते होते. आम्ही कोड लिहिताना नवीन पोरांना एक गोष्ट बजावतो, एका फंक्शनने एकच काम करावं. बारावीच्या परीक्षेला दोन कामं लागली. मूल शिकलं का हे सांगायचं आणि मुलांना ओळीत उभं करून पहिला कोण, हजारावा कोण हेही सांगायचं. पहिल्या कामात ७८ आणि ७९ मध्ये काही फरक नाही. दुसऱ्या कामात त्या एका मार्कात शेकडो मुलं उभी असतात.

१९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनियरिंग कॉलेजं निघाली आणि डोनेशन हा शब्द घराघरात पोचला. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्यात डोनेशनला चाप लावला आणि खाजगी कॉलेजातल्या जागाही गुणवत्तेच्या यादीने भरा असं सांगितलं. चांगलंच झालं. पण गुणवत्ता म्हणजे काय? तर बारावीचे पीसीएम. पैशाच्या पिशवीवरचा भार मार्कांवर आला.

इथवर ठीक होतं, कारण बहुतेक सगळे एकाच बोर्डाचे. खरी पंचाईत झाली ती वेगवेगळ्या बोर्डांची मुलं एका रांगेत आल्यावर. त्याचा सगळ्यात जोरदार तमाशा अकरावीच्या प्रवेशात झाला. एस.एस.सी.च्या पालकांची तक्रार अशी की आयसीएसई आणि सीबीएसईची मुलं नामांकित कॉलेजातल्या जागा घेऊन जातात, कारण त्यांना मार्कच जास्त मिळतात. २००८ मध्ये सरकारने 'परसेंटाइल' सूत्र आणलं. नाव परसेंटाइल, प्रत्यक्षात प्रत्येक बोर्डाच्या पहिल्या दहा मुलांच्या सरासरीशी तुमचे मार्क ताडून बघायचे. लाखो मुलांच्या मार्कांचा भाव दहा पोरांवर ठरणार! उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. २००९ मध्ये नव्वद टक्के जागा एस.एस.सी.ला आणि दहा टक्के बाकीच्यांना, असा ९०:१० चा निर्णय आला. तोही उच्च न्यायालयात पडला. २०१० मध्ये बेस्ट फाइव्ह. ते जूनमध्ये उच्च न्यायालयाने रद्द केलं आणि जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरलं. तीन वर्षं, तीन नियम आणि प्रत्येक वेळी निकाल हातात घेऊन बसलेली पोरं.

माझ्या वाट्याला याचा पुढचा अंक आला. २०१३ पासून एनआयटीसाठी जेईई मेनला ६० टक्के आणि बारावीला ४० टक्के वजन द्यायला लागले. बोर्डं वेगळी, म्हणून नॉर्मलायझेशन. आपल्या बोर्डात तुम्ही कितव्या परसेंटाइलला ते काढायचं. त्या परसेंटाइलला देशभरात जेईईचे किती मार्क येतात ते बघायचं, तुमच्या बोर्डाच्या मुलांत किती येतात तेही बघायचं आणि दोन्हींची सरासरी घ्यायची. इंजिनियर म्हणून सांगतो, सूत्र २००८ च्या मानाने पुष्कळ शहाणं होतं. पण माझ्या आईला ते मी आजपर्यंत समजावू शकलेलो नाही. ज्या सूत्रावर पोराचं भविष्य आहे ते आईला कळत नसेल, तर ते बरोबर असूनही तिला संशयच येणार.

राज्याच्या कॉलेजांसाठी २०१४ आणि २०१५ मध्ये जेईई मेन आणि बारावी असं निम्मं-निम्मं होतं. मी २०१५ चा. जेईई बेताची गेली होती, बारावीने हात दिला. खरं सांगायचं तर त्यात प्रॅक्टिकलचे मार्क होते, ३० पैकी, आपल्याच कॉलेजात मिळणारे. किती मिळाले ते सांगत नाही, पण कमी नव्हते! माझा मावसभाऊ माझ्याहून एक वर्षाने लहान. तो अकरावीला गेला तेव्हा हाच नियम होता, म्हणून मावशीने कर्ज काढून जेईईचा क्लास लावला. आणि २०१६ मध्ये राज्याची सीईटी परत आली. बारावीला आता फक्त पात्रतेपुरती किंमत. त्याचे बारावीचे मार्क जवळजवळ माझ्याएवढेच होते. मला त्या मार्कांनी कॉम्प्युटर मिळवून दिलं, त्याला काहीच दिलं नाही. आज तो सिव्हिलमध्ये मजेत आहे. पण तो मजेत आहे म्हणून तेव्हा जे झालं ते बरोबर होतं, असं मी म्हणणार नाही.

आमच्या घरात यावर दोन मतं आहेत. बाबा म्हणतात, बारावीचं वजन काढलं आणि माझा वर्ग रिकामा झाला. पोरं नाव कॉलेजात घालतात आणि दिवसभर क्लासमध्ये बसतात. मी म्हणतो, तुमच्याच प्रॅक्टिकलच्या मार्कांवर कोण विश्वास ठेवणार? २०२१ मध्ये कोविडमुळे बारावीची लेखी परीक्षा रद्द झाली, दहावी, अकरावी आणि बारावीच्या अंतर्गत गुणांची ३०:३०:४० अशी मोट बांधून निकाल लावला आणि ९९.६३ टक्के मुलं पास झाली. त्या वर्षी सीईटी नसती तर इंजिनियरिंगची यादी कशी लावली असती? यावर बाबा गप्प बसतात. आणि ते जेव्हा विचारतात की तीन तासांच्या एका पेपरने दोन वर्षांचा अभ्यास कसा कळतो, तेव्हा मी गप्प बसतो.

सीईटीने भावाचा प्रश्न मिटला असंही नाही. २०१९ पासून ती कॉम्प्युटरवर, अनेक सत्रांत होते. कोणाला सोपा पेपर, कोणाला अवघड. म्हणून परत परसेंटाइल! दारातून घालवलेलं नॉर्मलायझेशन खिडकीतून आत आलं.

दीडशे वर्षांची ही उलथापालथ वाचून माझं एक मत पक्कं झालं. मार्क हे मोजमाप कमी आणि चलन जास्त. ८५ टक्के म्हणजे किती, हे त्या वर्षीचा नियम ठरवतो. अगदी निर्दोष नियम कोणालाच सापडलेला नाही, तो सापडेल असंही वाटत नाही. पण एक गोष्ट नक्की करता येते. मूल अकरावीला बसेल त्या दिवशी जो नियम असेल, तोच ते बारावी होईपर्यंत ठेवायचा. सुधारणा करायची तर पुढच्या तुकडीपासून करा. चालू सिस्टिममध्ये अर्ध्यात बदल केला तर वापरणारे बोंबलतात, हे आम्हाला पहिल्याच नोकरीत कळतं. इथे तर वापरणारी सतरा वर्षांची पोरं आहेत आणि त्यांना ती दोन वर्षं परत मिळत नाहीत.

असो. सर्टिफिकेट लॅमिनेट करून आणलंय. बाबांनी ते बैठकीत लावायला सांगितलं. मावशी आली होती, तिने निरखून बघितलं आणि विचारलं, "किती टक्के होते रे आजोबांना?" ट्रंक पुन्हा उपसली, पण टक्क्यांचा कागद काही सापडला नाही. मास्तरकीला तेवढ्यावर भागलं होतं.